प्राण्यांत शहाणा कोण?

पावसाळ्यांतील एके दिवशीं आठवीच्या वर्गांत कोल्ह्याच्या चातुर्याचा विषय निघाला, आणि मीं सहज विचारलें, “मुलांनो, सर्व प्राण्यांत शहाणा कोण?” प्रश्न विचारावयाचा अवकाश, वर्गांत एकच गलका झाला. कोणी म्हणाला, हत्ती. कारण त्याचें डोकें मोठें. कोणी म्हणाला, माकड. कारण तें माणसासारखें दिसतें. एका मुलीनें पोपटाचें नांव घेतलें, कारण तो बोलतो. एकानें आपल्या घरच्या कुत्र्याची बाजू घेतली, कारण हांक मारली कीं तो येतो. मागच्या बाकावरून मांजराचें नांव आलें, कारण हांक मारली तरी तें येत नाहीं! इतक्यांत घंटा झाली आणि वाद तसाच राहिला. त्याचा निकाल शाळेच्या वार्षिकांत देईन, असें मीं कबूल केलें होतें. तें वचन येथें पुरें करीत आहें. परंतु निकाल मात्र मुलांच्या अपेक्षेप्रमाणें लागणार नाहीं.

मुलांनीं दिलेलीं उत्तरें नीट पाहिलीं, तर प्रत्येकाच्या पोटांत शहाणपणाचें एक निराळें माप दडलेलें दिसतें. हत्ती म्हणणारानें डोक्याचा आकार मोजला, माकड म्हणणारानें माणसाशीं असलेलें साम्य मोजलें, पोपट म्हणणारीनें वाचा मोजली, आणि कुत्र्याच्या कैवाऱ्यानें आज्ञाधारकपणा मोजला. मोठमोठ्या पंडितांनींहि फार दिवस हेंच केलें. प्राचीन ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याच्या विचारापासून सृष्टीच्या एका शिडीची कल्पना युरोपांत रूढ झाली: तळाशीं वनस्पति, त्यांच्या वर प्राणी, आणि प्राण्यांच्या वर मनुष्य. पुढें डार्विननें १८७१ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, मनुष्याचें मन व वरच्या प्रतीच्या प्राण्यांचें मन यांतील फरक प्रकाराचा नसून प्रमाणाचा आहे. त्यावर पुष्कळ वादविवाद झाले. तथापि शिडी कांहीं लोकांच्या डोक्यांतून गेली नाहीं. कोण कितव्या पायरीवर उभा आहे, एवढेंच ते विचारीत राहिले.

प्रथम डोक्याच्या मापाचाच विचार करूं. मनुष्याच्या मेंदूचें वजन सुमारें १,३५० ग्रॅम भरतें, हत्तीच्या मेंदूचें सुमारें ५ किलोग्रॅम, आणि स्पर्म जातीच्या देवमाशाच्या मेंदूचें सुमारें ८ किलोग्रॅम. वजनावरच क्रम लावावयाचा, तर आपली शाळा देवमाशानें चालवावयास हवी! कोणी म्हणेल, नुसतें वजन नको, शरीराच्या मानानें मेंदू किती तें पाहा. तसें पाहिलें तर उंदराचें प्रमाण जवळजवळ माणसाइतकेंच येतें, आणि कांहीं लहान पक्ष्यांचें तर माणसाहूनहि अधिक येतें. ब्राझिल देशांतील शास्त्रज्ञ सुझाना हर्कुलानो-हौझेल व त्यांचे सहकारी यांनीं वजन सोडून मेंदूंतील मज्जापेशीच मोजण्याची युक्ति काढिली. २००९ सालीं त्यांनीं दाखविलें कीं, माणसाच्या मेंदूंत सुमारें ८,६०० कोटि मज्जापेशी आहेत; आणि २०१४ सालीं हत्तीच्या मेंदूंत त्या सुमारें २५,७०० कोटि भरल्या. परंतु हत्तीच्या या पेशींपैकीं शेंकडा सुमारें ९८ लहान मेंदूंत, म्हणजे मुख्यतः शरीराच्या हालचाली सांभाळणाऱ्या भागांत आहेत. विचाराशीं ज्याचा विशेष संबंध मानितात, त्या मोठ्या मेंदूच्या बाह्य थरांत हत्तीजवळ सुमारें ५६० कोटि पेशी आहेत, तर माणसाजवळ १,६०० कोटि. उलट पक्षीं, कावळे व पोपट यांचा मेंदू अगदीं लहान; पण त्यांत पेशी इतक्या दाटीनें बसलेल्या आहेत कीं, त्यांपैकीं कित्येकांच्या मेंदूच्या पुढील भागांतील संख्या माकडांच्या तोडीची भरते, असें २०१६ सालीं दिसून आलें. सारांश, केवळ डोकें तोलून शहाणपण कळत नाहीं. तें करणीवरून पाहावें लागतें.

करणी पाहावयाची म्हणजे परीक्षा घ्यावयाची. आणि परीक्षा घेणें हें किती कठीण काम आहे, तें एका घोड्यानें जगाला शिकविलें. बर्लिन शहरांत व्हिल्हेल्म फॉन ओस्टेन नांवाचे गणिताचे एक सेवानिवृत्त शिक्षक राहत असत. त्यांनीं हान्स नांवाच्या आपल्या घोड्याला मोठ्या चिकाटीनें कित्येक वर्षें शिकविलें. पांच आणि तीन किती, असें विचारलें कीं हान्स खुरानें आठ टापा मारी. अपूर्णांक, तारखा, घड्याळ, सर्व कांहीं त्याला येतें असें लोकांस वाटूं लागलें. १९०४ सालीं तेरा जणांच्या समितीनें तपास केला आणि यांत लबाडी नाहीं असा निर्वाळा दिला. पुढें ऑस्कर फुंग्स्ट नांवाच्या संशोधकानें एक साधीच युक्ति योजिली: प्रश्न विचारणाराला स्वतःलाच उत्तर ठाऊक नसेल अशी व्यवस्था केली. झालें! हान्स चुकूं लागला. प्रश्न विचारणारा त्याला दिसणार नाहीं असें केलें, तरीहि तो चुकूं लागला. तेव्हां रहस्य उघडकीस आलें. प्रश्न विचारून झाला म्हणजे मनुष्य नकळत किंचित् पुढें वांकतो, आणि टापांची संख्या बरोबर होतांच त्याचें डोकें केसभर वर उचललें जातें. हान्स तें डोकें पाहून थांबत असे. हें कळल्यावरहि फुंग्स्टला स्वतःचें डोकें पुरतेपणीं आवरतां आलें नाहीं. ही सर्व हकीकत १९०७ सालीं प्रसिद्ध झाली.

या गोष्टीपासून बहुतेक लोक एकच बोध घेतात, तो हा कीं घोडा अखेर ढ ठरला. मला दुसरा बोध अधिक मोलाचा वाटतो. तेरा जाणत्या माणसांना जें दिसलें नाहीं, तें त्या घोड्याला दिसत होतें. गणितांत नापास झालेला हान्स निरीक्षणांत पहिला आला होता. परंतु त्या विषयाचा पेपर कोणी काढलाच नव्हता.

इंग्रज शास्त्रज्ञ लॉइड मॉर्गन यांनीं १८९४ सालींच असा नियम घालून दिला होता कीं, एखाद्या कृतीचा उलगडा साध्या मनोव्यापारानें होत असेल, तर तेथें उच्च बुद्धीची कल्पना करूं नये. नियम योग्यच आहे. पण नाण्याला दुसरी बाजूहि आहे. प्राण्यानें बरोबर उत्तर दिलें म्हणजे त्याला तें समजलें असें जसें नव्हे, तसेंच त्यानें उत्तर दिलें नाहीं म्हणजे त्याला तें समजलें नाहीं असेंहि नव्हे. मागच्या बाकावरील मांजराच्या वकिलाला येथें एक पुरावा देतों. जपानांतील दोन संशोधकांनीं पाळीव मांजरांना परक्या माणसांच्या हांका आणि त्यांच्या धन्याची हांक ध्वनिमुद्रित करून ऐकविली. २०१३ सालीं हे प्रयोग प्रसिद्ध झाले. मांजरांनीं धन्याचा आवाज ओळखला. त्यांनीं कान टवकारले, डोकें वळविलें. परंतु उठून जावें असें बहुधा त्यांना वाटलें नाहीं!

कित्येक प्राण्यांच्या बाबतींत याहूनहि मोठा अन्याय झाला आहे. आसामच्या जंगलांत हुलॉक नांवाचा एक बिनशेपटीचा वानर आहे. त्याच्या कुळाला गिबन म्हणतात. दोरी ओढून दोरीला बांधलेलें खाद्य जवळ आणावें, ही परीक्षा इतर वानर सहज उतरत. गिबन मात्र नापास होत. त्यामुळें ते मंदबुद्धि ठरले. १९६७ सालीं बेंजामिन बेक यांनीं त्यांच्या हातांकडे पाहिलें. गिबन जन्मभर फांद्यांना लोंबकळत फिरतो. त्याचीं बोटें लांब व आंकड्यासारखीं असून आंगठा बराच खालीं असतो. सपाट जमिनीवर पडलेली दोरी त्याला उचलतांच येत नाहीं. बेक यांनीं दोऱ्या जमिनीवर न ठेवतां गिबनांच्या खांद्यांच्या उंचीवर आणून ठेविल्या, आणि ते ‘मंदबुद्धि’ गिबन ताबडतोब उत्तीर्ण झाले.

हत्तीचेंहि तसेंच. उंच टांगलेलें फळ काठीनें खालीं पाडावें, हें चिंपांझीला येतें, हत्तीला येत नाहीं; यावरून हत्तीला युक्ति सुचत नाहीं असा समज होता. परंतु हत्तीची सोंड हा नुसता हात नव्हे, तें त्याचें नाकहि आहे. काठी धरली कीं त्याचें वास घेणें व चांचपणें बंद पडतें, आणि फळाचा माग तर त्याला वासानेंच लागतो. डोळे मिटून आंबे पाडा असें कोणी आपणांस सांगावें, तसाच हा प्रकार. अमेरिकेंत वॉशिंग्टन येथील प्राणिसंग्रहालयांत कांदुला नांवाचा सात वर्षांचा एक आशियाई हत्ती होता. त्याच्यापुढें काठ्या ठेविल्या, त्यांचा त्यानें फळ पाडण्यासाठीं उपयोग केला नाहीं. मग आवारांत एक मोठा चौकोनी ठोकळा ठेविला. कांहीं दिवसांनीं कांदुलानें तो ठोकळा लोटीत लोटीत फळाखालीं नेला, पुढचे पाय त्यावर ठेविले, आणि सोंड वर करून फळ घेतलें. ही गोष्ट २०११ सालीं प्रसिद्ध झाली. युक्ति हत्तीच्या डोक्यांत होती; उणीव होती ती प्रश्नपत्रिकेंत.

आरशाची परीक्षा तर सर्वांत प्रसिद्ध आहे. १९७० सालीं गॉर्डन गॅलप यांनीं चिंपांझींना बेशुद्ध करून त्यांच्या भुंवईवर व कानावर रंगाचा ठिपका लाविला. जागे झाल्यावर आरशांत पाहतांच ते स्वतःच्या ठिपक्याला हात लावूं लागले. म्हणजे आरशांतील तो मीच, हें त्यांना कळलें होतें. हत्तींना मात्र पूर्वीं या परीक्षेंत अपयश आलें होतें. त्यांना आरसा दिला होता तो लहान, आणि तोहि आवाराच्या बाहेर. २००६ सालीं न्यूयॉर्क येथें तीन हत्तिणींना सुमारें अडीच मीटर उंच व तितकाच रुंद आरसा दिला. तिन्ही हत्तिणींनीं सोंडेनें त्याची मागची बाजूसुद्धां तपासली. आणि त्यांपैकीं हॅपी नांवाच्या हत्तिणीनें आपल्या डोक्यावर काढलेल्या पांढऱ्या फुलीला वारंवार सोंड लाविली. कुत्रा आजहि या परीक्षेंत उतरत नाहीं. पण कुत्रा माणसांना डोळ्यांपेक्षां नाकानें ओळखतो, तर मग त्याला वासाचाच ‘आरसा’ कां देऊं नये? अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनीं २०१७ सालीं तसें केलें. कुत्र्याच्या स्वतःच्याच वासांत दुसरा वास मिसळून त्याच्यापुढें ठेविला, तेव्हां कुत्रीं तो बदललेला वास अधिक वेळ हुंगीत राहिलीं. यानें ‘मी’ ही जाणीव सिद्ध झाली असें म्हणतां येणार नाहीं. परंतु कुत्र्याला कुत्र्याच्या भाषेंत प्रश्न विचारतां येतो, एवढें खास ठरलें.

नाचतां येईना अंगण वांकडें, ही म्हण आपण सबबी सांगणाराला लावितों. प्राण्यांच्या परीक्षेंत पुष्कळदां अंगणच खरोखर वांकडें असतें.

अंगण सरळ केलें म्हणजे मात्र एकेका प्राण्याचें नृत्य पाहून थक्क व्हावें लागतें. मधमाशीच्या मेंदूंत दहा लाखसुद्धां मज्जापेशी नाहींत. तरी ती पोळ्यावर नाच करून आपल्या बहिणींना मध कोणत्या दिशेला व किती दूर आहे तें सांगते. नाचांतील रेषेचा उभ्या रेषेशीं होणारा कोन म्हणजे सूर्यापासूनची दिशा, आणि थरथरण्याचा अवधि म्हणजे अंतर. हें कोडें उलगडणारे कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. अमेरिकेंतील स्क्रब-जे हा कावळ्याच्या कुळांतील पक्षी खाद्य लपवून ठेवितो. निकोला क्लेटन व अँथनी डिकिन्सन यांनीं १९९८ सालीं दाखविलें कीं, तो नुसती जागा लक्षांत ठेवीत नाहीं. काय पुरलें व केव्हां पुरलें, तेंहि त्याच्या ध्यानांत असतें. पुरून थोडेच तास झाले असतील तर तो आवडत्या अळ्या उकरून काढतो. पांच दिवस लोटले असतील तर अळ्या नासल्या असणार हें अनुभवानें जाणून शेंगदाण्यांकडे वळतो. जपानांतील आयुमु नांवाच्या तरुण चिंपांझीला पडद्यावर पांच आंकडे सेकंदाच्या सुमारें पांचव्या हिश्शापुरते दाखवून झांकले, तरी त्यांच्या जागा तो चढत्या क्रमानें बहुधा बरोबर दाखवी. महाविद्यालयीन विद्यार्थी त्याच्या मागें पडले. हें २००७ सालचें. पुढें भरपूर सराव केलेल्या माणसांनीं त्याची बरोबरी केली; कारण आयुमुलाहि पुष्कळ सराव होता, आणि विद्यार्थ्यांना तितका नव्हता. न्याय द्यावयाचा तो दोघांनाहि सारखाच दिला पाहिजे.

तर मग निरनिराळ्या प्राण्यांची तुलना करूंच नये काय? तसें नव्हे. जो तो आपापल्या परीनें सारखाच शहाणा, असें म्हणणें गोड असलें तरी खरें नाहीं. तुलना करतां येते. मात्र ती एका गुणापुरती, आणि प्रत्येकाला उत्तर देतां येईल अशा रीतीनें केली पाहिजे. मडक्यांत खडे टाकून पाणी वर आणणाऱ्या कावळ्याची गोष्ट आपण लहानपणीं वाचतों. २००९ सालीं केंब्रिज येथें कावळ्याच्या नात्यांतील रूक नांवाच्या पक्ष्यांनीं ती खरी करून दाखविली. अरुंद नळींतील पाण्यावर अळी तरंगत होती. त्यांनीं दगड टाकून पाणी वर आणलें, आणि लवकरच मोठे दगड निवडूं लागले. हेंच कोडें पुढें तशाच जातीच्या दुसऱ्या पक्ष्यांशीं तुलना करून मुलांना घातलें, तेव्हां पांच ते सात वर्षांचीं मुलें पक्ष्यांच्या बरोबरीनें चाललीं. आठव्या वर्षापासून पुढचीं मुलें पहिल्याच खेपेस यशस्वी झालीं. २०१४ सालीं ३६ जातींच्या प्राण्यांची संयमाची परीक्षा एकाच रीतीनें घेतली. पारदर्शक नळकांड्यांत खाद्य समोर दिसत असतां थेट झडप न घालतां बाजूच्या तोंडानें तें काढावयाचें होतें. त्यांत मोठ्या मेंदूचे प्राणी सामान्यतः पुढें राहिले, आणि मेंदूच्या आकाराचें महत्त्व सिद्ध झालें असें वाटलें. परंतु दोनच वर्षांनीं रेव्हन जातीच्या मोठ्या कावळ्यांनीं त्याच परीक्षेंत मोठ्या वानरांची बरोबरी केली!

आतां मनुष्याविषयीं. २००७ सालीं जर्मनींतील एका संशोधन-संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं अडीच वर्षांचीं १०५ मुलें, १०६ चिंपांझी आणि ३२ ओरांगउटान यांना तींच कोडीं घातलीं. वस्तु कोठें आहे, कोठें अधिक आहे, कशानें काय होतें, अशा प्रश्नांत मुलें व चिंपांझी जवळजवळ सारखेच ठरले. पण दुसऱ्यानें करून दाखविलेलें पाहून शिकणें, दुसऱ्याच्या बोटाचा वा नजरेचा अर्थ ओळखणें, यांत मुलें फार पुढें गेलीं. परीक्षक मनुष्यच होते, म्हणून येथेंहि अंगण थोडेंसें आपल्याकडे कललेलें असेल. तथापि या निकालांत मोठा अर्थ आहे. मनुष्याचें बाळ एकटें असतां कांहीं विशेष शहाणें नसतें. तें शिकवून घेऊं शकतें, हेंच त्याचें शहाणपण. एकाला सुचलेली युक्ति दुसऱ्याला सांगतां येते, लिहून ठेवतां येते, आणि हजार वर्षांनीं तिसरा ती वाचतो. आपली सर्व विद्या अशी उसनी आहे. शाळा कशासाठीं असते, या प्रश्नाचें याहून चांगलें उत्तर मला ठाऊक नाहीं.

पवित्र शास्त्राच्या पहिल्याच पुस्तकांत, आदामानें सर्व प्राण्यांना नांवें दिल्याचें सांगितलें आहे. नांव देण्यासाठीं एकेकाला जवळ बोलावून नीट पाहावें लागतें. आपण मात्र प्राण्यांना नांवें ठेवितों: गाढव, बैल, मेंढरूं, आणि पुढें तींच नांवें आपल्या मुलांना ठेवितों.

हा दोष माझ्याहि हातून घडला आहे. मी नवीनच शिक्षक झालों होतों, तेव्हां एका शाळेंत माझ्या वर्गांत एक अबोल मुलगा होता. फळ्यावरील हिशेब त्याला कधींच येत नसत. मीं त्याला मागच्या बाकावर बसविलें आणि त्याच्याकडून उत्तराची आशा सोडून दिली. श्रावणांत एके दिवशीं आभाळ भरून आलें, दिवे गेले, आणि वर्गांत फळा दिसेना. म्हणून मीं तोंडीं हिशेब घातले. पहिल्या हिशेबाचें उत्तर मागच्या बाकावरून आलें. दुसऱ्याचेंहि तेथूनच आलें. चौथ्या हिशेबाला माझ्या ध्यानांत आलें कीं, आज साऱ्या वर्गाला जो फळा दिसत नाहीं, तो या मुलाला रोजच दिसत नव्हता. पुढें त्याला चष्मा मिळाला. तो त्या वर्षीं पहिला आला असें मी सांगणार नाहीं, कारण तो आला नाहीं. तो पास झाला आणि पुढच्या बाकावर बसूं लागला. परंतु त्या दोन महिन्यांत मीं त्याला काय काय म्हटलें होतें, तें मला आजहि आठवतें.

पालकांनीं वार्षिक निकालाचा कागद हातांत घेतांना हान्सची व गिबनांची आठवण ठेवावी, एवढीच विनंति. गुणपत्रिका खोटी नसते; पण जेवढें विचारलें तेवढेंच ती सांगते. आणि आठवीच्या मुलांनो, तुमच्या वादाचा निकाल असा कीं, चूक तुमच्या उत्तरांची नव्हती, माझ्या प्रश्नाची होती. ‘शहाणा कोण?’ असें न विचारतां, ‘हा कशांत शहाणा आहे, आणि तें मला कसें कळेल?’ असें मीं विचारावयास हवें होतें. सुट्टींत आठ दिवस एकच प्राणी निवडा; खिडकींतला कावळा, ओट्यावरच्या मुंग्या, कोणीहि चालेल. त्याला गुण न देतां नुसतें पाहा, आणि काय पाहिलें तें लिहून आणा. पुढील सत्राच्या पहिल्या तासाला तेंच वाचूं.